हसणारीला विचारायचे राहिले

॥ श्री ॥
हळर्ण, पेडणे
२७ जानेवारी २०२५

ती. जानकीआत्यास,
मनीषाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. कानातले मशीन पुन्हा शिट्टी मारायला लागले म्हणून तू ते बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलेस, हे वाचून हसावे की रागवावे कळेना. फोनवर तुझ्याशी बोलायचे तर इथून नार्व्यापर्यंत ओरडावे लागेल, त्यापेक्षा पत्र बरे. शिवाय पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, हा माझा फायदा.

इथे सगळे बरे आहे. सर्वेश सकाळी पेडण्याला ऑफिसात जातो आणि संध्याकाळी येऊन टीव्हीसमोर डुलक्या काढतो. सासूबाई महिनाभर गुडघ्यांना तेल चोळून यंदाच्या धालोंना उभ्या राहिल्याच. सिद्धी नववीत गेल्यापासून उलट उत्तरे द्यायला शिकली आहे. ती कुणावर गेली हे तू विचारू नकोस.

शाळेत नववीला फोन आणि इंटरनेट नीट, कायद्यात बसेल असे कसे वापरावे हे शिकवायचे काम यंदा माझ्याकडे आले. मुलांना नुसते हे करू नका, ते करू नका सांगून ती ऐकतात का? म्हणून मी त्यांना गावच्या एखाद्या रितीवर छोटी फिल्म करायला लावली. नियम कडक. ज्याला दाखवायचे त्याला आधी विचारायचे, आणि दुसऱ्याचे गाणे चोरून खाली लावायचे नाही. वर्गाच्या भिंतीवर तक्ता लावला आहे, ‘पाठवण्याआधी थांबा, विचारा.’ मोठ्या अक्षरांत मीच लिहिला.

सिद्धीने धालो निवडले. तुमच्या वाड्यावरचे धालो बंद होऊन खूप वर्षे झाली, म्हणून आठवण करून देते. पौषात आम्ही बायका मांडावर समोरासमोर रांगा धरून गातो, नाचतो. त्या अंगणात तेव्हा पुरुष फिरकत नाही. आणि शेवटच्या दिवशी सोंगे येतात. सासूबाईंच्या सोंगाची तर सगळा वाडा वाट बघत असतो. यंदा त्या सर्वेशचा शर्ट घालून, खांद्यावर टॉवेल टाकून आल्या. घरात शिरल्यासारखे केले, कढईवरचे झाकण उचलले, माशांच्या हुमणाचा वास घेऊन नाक मुरडले आणि झाकण दाणकन आपटले. नाव घ्यायची गरजच पडली नाही. शेजारचा गोकुळदास रोज जेवायच्या वेळी झाकण आपटतो ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. त्याची बायको सुमंगला तर हसून हसून खालीच बसली. एरवी ही बाई चार शब्द बोलली तरी आम्हाला नवल वाटते. तिला अशी हसताना मी लग्न होऊन इथे आल्यापासून पाहिली नव्हती.

सिद्धीने आजीला रीतसर विचारले होते. सासूबाई म्हणाल्या, घे गो बाय, माझे काय जाते. फिल्म इतकी छान झाली की चांगल्या कामाचा नमुना म्हणून मी ती पालकांच्या गटावर टाकली. सगळ्यांनी ‘छान’चे अंगठे टाकले. आपल्याच लेकीचे कौतुक करू नये म्हणतात, पण तुझ्याजवळ नाही करणार तर कुणाजवळ?

रुद्रेशदादा आणि वहिनीला नमस्कार, त्यांच्या साईशला आशीर्वाद. पत्राला उशीर झाला म्हणून माझ्या वाटणीचा लोभ कापू नकोस.

तुझी,
मनीषा


॥ श्री सप्तकोटेश्वर प्रसन्न ॥
नार्वे, डिचोली
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मनीषास,
अ. उ. आ.

पत्र मिळाले. मशीन डब्यातच आहे आणि तिथेच राहील. ते लावले की मला तुझ्या वहिनीची भांडी ऐकू येतात, माणसे नाही.

सिद्धीचे कौतुक. पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला गिळवेना. मी जन्मभर पोरे शिकवली, त्यामुळे चूक दिसली की हात शिवशिवतात. मांडावर पुरुष येत नाही हे तूच मला समजावून सांगतेस, आणि त्याच पत्रात मांडावरचे सोंग पालकांना दाखवल्याचे सांगतेस. पालकांत बाप नसतात का? तुझ्या सासूने ती नक्कल केली ती समोर फक्त बायका होत्या म्हणून. फोन खिशात घालून तुम्ही गावचे सगळे पुरुष मांडावर नेलेत. मी जुन्या वळणाची, माझे चुकत असेल. काही झाले नसेल तर माझ्यावर हस आणि सोडून दे.

हसण्यावरून आठवले. आमच्या साईशच्या फोनवर एक गंमत आली आहे. एका बाईचे इवलेसे हलते चित्र, नुसता चेहरा. तोंड उघडून, डोळे मिटून अशी हसते की मला आवाज ऐकू न येताही हसू फुटले. त्याला स्टिकर म्हणतात म्हणे. कुणी विनोद केला की उत्तर म्हणून ती बाई पाठवायची. कुठली कोण जाणे, पण हसावे तर असे. मी साईशला सांगितले आहे, माझा दिवस वाईट गेला की मला ती बाई दाखवत जा.

सर्वेशने टीव्हीसमोर झोपू नये, मान धरते. तुझ्या सासूबाईंना नमस्कार. मी आहे तोवर माझी माया तुझीच आहे.

तुझी आत्या,
जानकी


॥ श्री ॥
हळर्ण
१२ मार्च २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

उत्तराला उशीर झाला. काय लिहावे तेच कळत नव्हते. तुझ्या साईशच्या फोनवर हसते ती बाई आमची सुमंगला आहे.

तुझे पत्र आले तेव्हा सगळे घडून गेले होते आणि मला पत्ता नव्हता. पालकांच्या गटावरून कुणीतरी ती फिल्म आपल्या भावाला पाठवली, त्याने आणखी कुणाला. मग इंटरनेटवरच्या कुठल्याशा पानावर ती ढोलताशाचे संगीत लावून चढली, वर ‘नवरोबांची फजिती’ असे लिहून. लाखो लोकांनी पाहिली. पुढे कुणीतरी त्यातून सुमंगलाचा तेवढा चेहरा कापून काढला आणि त्याचा स्टिकर केला. तो मला आमच्या शिक्षकांच्या गटावरच आला. हेडमास्तरांनी काहीतरी विनोद केला होता आणि त्याखाली सुमंगला हसत होती.

गोकुळदास नारळांची पिकअप घेऊन फोंड्याच्या बाजाराला जातो हे तुला माहीत आहे. तिथल्या ड्रायव्हरांनी नक्कल कुणाची ते बरोबर ओळखले. एकाने त्याच्यासमोर डब्याचे झाकण आपटले आणि सगळा बाजार हसला. त्यांच्या गटावर तो भाड्याविषयी एक शब्द लिहितो की उत्तरादाखल त्याच्याच बायकोचे हसणे येते. आत्या, तो माणूस मला कधी आवडला नाही, पण असे कुणाच्या वाट्याला येऊ नये.

तो आमच्या दारात आला होता. मला वाटले ओरडेल. सर्वेश पुढे झाला. तर तो शांतपणे एवढेच म्हणाला की टीचरनी पोरांना चांगले शिकवले. आणि गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

मी सर्वेशला घेऊन सायबर पोलिसांकडे गेले. तिथल्या बाईंनी सगळे नीट ऐकून घेतले. पानावरची फिल्म त्यांनी काढायला लावली, ती निघालीही. पण स्टिकर एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर जातो, तो कुठून म्हणून काढणार? आणि पुढे काही करायचे तर जिचा चेहरा आहे तिची तक्रार हवी. मी सुमंगलाला कुंपणावरून हे सांगितले. तिने हात जोडले. आता कागदावर नको गो, म्हणाली, आणि आत गेली.

मी वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून ती फिल्म पुसून घेतली, सिद्धीच्या आणि माझ्या फोनवरूनही. मुलांनी निमूटपणे पुसली. सगळ्यांनी नियम पाळले होते. ज्याला दाखवायचे त्याला विचारायचे, असेच मी सांगितले होते. सोंग घेणारीला विचारले. हसणारीला विचारायला हवे हे मलाच सुचले नाही, मग पोरांना कसे सुचावे? त्या रांगेत मी स्वतः होते, आत्या. सुमंगलाचा हात माझ्या हातात होता.

सासूबाई जेवत नाहीत धड. त्या म्हणतात, तो तिथे नव्हता म्हणून मी त्याचे सोंग केले, तो असता तर माझी छाती झाली असती का? तुला काही सुचत असेल तर कळव. रागावायचे असेल तर तेही लिही, पण लिही.

मनीषा


॥ श्री सप्तकोटेश्वर प्रसन्न ॥
नार्वे
२० मार्च २०२५

चि. सौ. मनीषास अ. उ. आ.

रागवायला मी कोण? मीही तिला बघून हसले. एकदा नाही, चांगली आठवडाभर. शेजारणीला बोलावून दाखवली. त्या बाईला घर असेल, शेजार असेल, हे माझ्या मनात आले नाही. इतकी पोरे शिकवून माझी ही गत.

पत्र वाचल्यावर साईशला समोर बसवून ते चित्र पुसायला लावले. त्याने लगेच पुसले, गुणी आहे. मग म्हणाला की आत्याआजी, मी हे कितीतरी जणांना पाठवले आहे, त्यांच्याकडचे माझ्या हातात नाही. मी त्याला म्हटले, जा, खेळ. आणखी काय म्हणणार होते? फळ्यावर चुकीचे लिहिले तर डस्टरने पुसता येत होते. इथे डस्टर कुठे मारायचा तेच मला दिसत नाही.

तू एक कर. कुंपणावरून बोलू नकोस. तिच्या घरी जा. कायदा सांगू नकोस, समजावू नकोस, रडू तर मुळीच नकोस, नाहीतर त्या बिचारीला तुलाच पाणी द्यावे लागेल. नुसती जाऊन बस. याने काय होईल ते मला माहीत नाही. होणार नाही काही, बहुतेक. पण जा.

सासूबाईंना सांग, जेवून घ्या. उपाशी राहून कुणाचे भले झालेले मी पाहिले नाही.

तुझी आत्या


॥ श्री ॥
हळर्ण
१८ एप्रिल २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

तू सांगितलेस तशी गेले. गोकुळदास फोंड्याला गेल्यावर, दुपारची. सुमंगला आमसुले वाळत घालत होती. मी पण चार घातली. तिने चहा केला, पाववाल्या पोदेराकडचे उंडे होते ते गरम करून दिले. मी रडायचे नाही म्हणून गेले होते आणि उंडा घशात अडकला. तिला पाणी द्यावे लागलेच. तू हसशील.

मी फक्त एवढे म्हटले की मी तुला विचारायला हवे होते. तिने चहा बशीत ओतला. मग म्हणाली, तुम्ही विचारले असते तर मी हो म्हटले असते. मला काय ठाऊक, मी कशी हसते ती?

आत्या, मी वर्षभर मुलांना परवानगी, परवानगी म्हणून शिकवले. आणि खरेच हो म्हणाली असती ती. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. गल्लीत, गावात, कुठे कुठे सगळ्यांनी पाहिले, आणि तिला ते चित्र अजून कुणी दाखवलेले नाही. लाजेने आम्ही बायका दाखवत नाही आणि गोकुळदास तिच्याशी बोलतच नाही. बाहेरून जेवून येतो आणि झोपतो. भांडण नाही, मारहाण नाही, काही नाही. तक्रार करायची तर कशाची करावी?

निघताना तिने सिद्धीसाठी वाटीभर आमसुले दिली. ती घेऊन मी आमच्या अंगणात कितीतरी वेळ उभी होते. आतमध्ये जाववेना.

तुझा हात डोक्यावर आहे असे समजून चालले आहे.

मनीषा


हळर्ण
६ जुलै २०२५

प्रिय आत्याआजीस,
सिद्धीचा सा. न.

आईने विचारले की आत्याआजीला पत्र लिहून तिची चौकशी करायला तुला कुणी शिकवायला हवे का. म्हणून लिहिते. पण हे पत्र तिने वाचलेले नाही, मीच पोस्टात टाकणार आहे.

मी दहावीत आले. फोन मी आता शाळेत नेत नाही. कुणी सांगितले नाही, मीच नेत नाही. मैत्रिणी म्हणतात, तुझी काही चूक नव्हती, तू विचारले होतेस. हो, मी विचारले होते. पण मी फिल्म काढत होते तेव्हा आजीचे सोंग संपले होते आणि मी फोन वळवून सुमंगलाकाकीवर धरला, कारण ती हसत होती ते सोंगापेक्षा चांगले दिसत होते. मला खरेच छान वाटले होते, आत्याआजी. मी तिची चेष्टा करायला नाही काढले. हे मी कुणाला सांगू? काकीला सांगायला गेले तर ती डोक्यावरून हात फिरवते आणि विचारते की अभ्यास कसा चाललाय.

त्यांच्या घरातून आता झाकणाचा आवाज येत नाही. पूर्वी तो आला की आजी म्हणायची, आली बघ स्वारी. आता जेवायच्या वेळी बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात.

आणखी एक. आईने यंदाच्या नववीच्या गटावर पहिला धडा पाठवला, तोच तक्त्यावरचा, पाठवण्याआधी थांबा, विचारा. एक मुलगा बाहेरगावाहून नवीन आला आहे. त्याने खाली उत्तर म्हणून काकीचे हसणे टाकले. त्याला काही माहीत नव्हते. त्याच्या गावात ते सगळ्यांकडे आहे. आई फोन हातात धरून पायरीवर बसून राहिली. मी जेवायला बोलावले तर म्हणाली, तुम्ही बसा. हे तिने तुला लिहिले नसेल म्हणून मी लिहिले.

तू बरी आहेस ना? मशीन लाव. मला तुझ्याशी बोलायचे असते.

तुझी,
सिद्धी


॥ श्री ॥
हळर्ण
१६ जानेवारी २०२६

ती. जानकीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ सोबत पाठवते आहे. पोस्टात चुरा झाला तर चुरा खा, गोड बोलायला तेवढा पुरेल. तू सिद्धीसाठी मशीन लावायला लागलीस, हे तिने मला सांगितले. पत्रांतून तुम्हा दोघींचे काय चालते ते मी विचारत नाही.

यंदाचे धालो झाले. सासूबाईंनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवले होते, त्यामुळे मांडावर येताना प्रत्येकीने आपला फोन तुळशीपाशी टोपलीत ठेवला. सगळ्यांआधी मी ठेवला. टोपलीवर सुपाने झाकण घातले. मला वाटले, आता होईल पूर्वीसारखे.

सासूबाईंनी सोंग घेतले नाही. गुडघे दुखतात म्हणाल्या. दुसऱ्या एकीने वाघाचे घेतले. वाघाच्या सोंगाने कुणाचे काय बिघडणार, म्हणून घेतले असावे. हसण्यासारखे होते आणि सगळ्या हसल्याही. पण आत्या, एकूणएक जणी पदर तोंडावर धरून. कुणी कुणाला सांगितले नव्हते. माझ्या शेजारी सिद्धी उभी होती, ती ओढणी तोंडावर घेऊन हसत होती. फोन सगळे टोपलीत, अंगणात एक पुरुष नाही, आणि आमचे हात आपोआप वर जात होते. सुमंगला यंदा मांडावर आली नाही.

काल मात्र ती हळदीकुंकवाला आमच्याकडे आली. वर्षात पहिल्यांदा. मी घाईने पाट मांडला, सासूबाईंनी तिची ओटी भरली. बाकीच्या बायका निघाल्या तरी ती बसून राहिली. सासूबाई आत गेल्यावर मला म्हणाली की तुमच्या फोनवर मला एकदा दाखवा. मला आधी कळेना. मग म्हणाली, सगळ्यांनी बघितले, मीच तेवढी राहिले.

फिल्म मी कधीच पुसून टाकली होती, सगळ्या वर्गाकडून पुसून घेतली होती. शोधत बसले. शेवटी शिक्षकांच्या गटावर तो स्टिकर सापडला. नवीन वर्षाच्या शुभेच्छांखाली कुणीतरी टाकला होता. मी फोन तिच्या हातात दिला.

तिने तो डोळ्यांजवळ नेला. चित्र थांबायचे आणि पुन्हा हसायला लागायचे, पुन्हा थांबायचे. ती बघत राहिली. मला वाटले आता रडेल, नाहीतर फोन भिरकावेल, आणि दोन्हीची माझी तयारी होती. तिने बोटाने काच हलकेच पुसली, माझ्या हाताचे कुंकू लागले होते ते. मग म्हणाली, बरी हसत होते गो मी.

फोन मला परत दिला, वाण पदराखाली घेतले आणि घरी गेली.

मी आज शाळेत गेले नाही. तक्ता अजून भिंतीवर आहे. उद्या जाऊन त्याखाली काय शिकवू ते तूच सांग, नाहीतर नको सांगूस, नुसते पत्र पाठव. तुझ्या मायेवाचून इथे माझे काही चालत नाही.

तुझी,
मनीषा